गडी माणसानं कुणाला सांगायचं?

ताई, नमस्कार.

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावातनं लिहितेय. माझं वय ४२, मालकांचं ४७. घरात सासूबाई, थोरला सांगलीला कॉलेजात, धाकटी नववीत. दीड एकर ऊस. पुराआधी चार म्हशी होत्या, आता एकच आहे.

२०१९ च्या महापुरात आमचं घर कौलांपर्यंत बुडालं. मालकांनी गल्लीतली पंधरा-वीस माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून शाळेवर नेऊन सोडली. माघारी गोठ्याकडं आले तेव्हा पाणी गळ्याला लागलं होतं. दोन म्हशींची दावी सुटली, दोघींची सुटली नाहीत. हातात विळाही नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या गेल्या. पूर ओसरल्यावर गावानं त्यांचा सत्कार केला, शाल-नारळ दिला. म्हशींबद्दल ते आजपर्यंत एका शब्दानं बोललेले नाहीत.

मी बोलले. बचत गटात रडले, माहेरी रडले, आरोग्य शिबिराला डॉक्टरीणबाई आल्या होत्या त्यांच्यापुढं रडले. त्या वर्षी एकदा रात्री घरातनं उठून विहिरीपर्यंत जाऊन आले, पण आम्हा बायकांचं काय, ते तेवढ्यापुरतं असतं. मी सावरले.

मालक नाही सावरले. पाऊस लागला की रात्रीत तीन-चारदा उठून गोठ्यात जातात, दावं चाचपून येतात. दिवसभर मोबाईलवर कोयनेतनं किती क्युसेक सोडलं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी झालं, एवढंच. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हापासून रोज संध्याकाळी पिऊन येतात. भांडत नाहीत, हात उचलत नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडतात. मागच्या महिन्यात सोसायटीच्या कर्जाचे कागद, विमा, पासबुकं सगळं एका पिशवीत घालून माझ्याकडं दिलं. नणंदेच्या मालकांना चांगली दुभती म्हैस फुकट देऊन टाकली. आणि परवा थोरल्याला म्हणाले, ‘माझ्यामागं आईला अंतर देऊ नको.’

डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतात, ‘मला काय येड लागलंय व्हय?’ सासूबाई म्हणतात, असला शब्द तोंडातनं काढू नको, वास्तू तथास्तु म्हणत असते. गडी माणूस आहे, आपलं आपण सावरंल. ताई, मी विचारू का त्यांना? विचारलं आणि नसलेलं डोक्यात आलं तर?

एक वाचक, पलूस तालुका

*

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी मी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला. असं पत्र सदराचा वार येईपर्यंत ठेवून देता येत नाही. तुम्ही गोठ्यामागं उभ्या राहून बारीक आवाजात बोलत होतात. दहा-बारा मिनिटांत सासूबाईंची हाक आली आणि बोलणं अर्धं राहिलं. तुमच्या परवानगीनं, ओळख पटेल अशा खुणा बदलून पत्र इथं दिलंय, आणि राहिलेलं बोलणं पुरं करतेय. फोनवर मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: फवारणीचं औषध आजच्या आज घरातनं हलवा, आणि आज रात्रीच त्यांना विचारा. दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला, ‘औषध चुलतदिरांच्या कुलपात ठेवलं. विचारायचं धाडस झालं नाही.’

म्हणून आधी विचारण्याबद्दलच.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या आजीच्या घरातही तिन्हीसांजेला मरणाचं नाव काढायचं नाही असा दंडक होता आणि तो मी अजून पाळते. पण इथं नाव काढावंच लागेल. सरळ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा तपासून झालंय. विचार असला तर तो तुमच्या आधीपासून तिथं आहे, आणि तो एकट्यानं वागवून माणूस पार दमलेला असतो. कुणी त्याचं नाव घेतलं तर बहुतेकांना हायसं वाटतं. माझ्यासमोर बसून ‘हो’ म्हणालेल्या कितीतरी माणसांनी त्यानंतर पहिल्यांदा पाणी मागून घेतलं. त्याआधी तासभर समोर पेला भरून ठेवलेला असायचा.

‘तुम्ही तसलं काही करणार नाही ना?’ असं मात्र विचारू नका. तुम्हाला ‘नाही’ ऐकायचंय हे त्यात आधीच आलं, आणि ते बिचारे ‘नाही’ म्हणून मोकळे होतील. असं म्हणा: ‘तुम्ही पिशवी माझ्याकडं दिलीत, म्हैस देऊन टाकलीत, पोराला तसं बोललात. मला भ्या वाटतंय. जीव द्यावा असं मनात येतंय का?’ एवढं बोलून गप्प बसा. ते गप्प राहिले तरी तुम्ही बोलून ती जागा भरून टाकू नका. पाच मिनिटं जातील. जाऊ देत.

‘हो’ म्हणाले तर हंबरडा फोडू नका, हे मी तुमच्या काळजाला किती जड जाईल ते जाणून सांगतेय. ‘कधीपासून?’ एवढंच विचारा. मग, ‘कसं करायचं तेही ठरवलंय का?’ ठरवलं असेल तर ती रात्र त्यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. चुलतदिरांना हाक मारा, थोरल्याला सांगलीहून बोलावून घ्या, उजाडायची वाट न बघता गाडी काढा किंवा १०८ ला फोन लावा. आणि ‘नाही’ म्हणाले तर त्या क्षणाला मान्य करा, पण चार दिवसांनी पुन्हा विचारा. पहिल्या वेळी ‘नाही’ म्हणालेला माणूस दुसऱ्या वेळी ‘हो’ म्हणतो, कारण मधल्या दिवसांत त्यानं बघितलेलं असतं की हिनं विचारलं पण घर डोक्यावर घेतलं नाही.

दोन गोष्टी आपल्याकडं हमखास केल्या जातात, त्या टाळा. एक, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालणं. शपथ घातली की पुढच्या वेळी विचार आला तर तो तुम्हाला सांगायची वाटच बंद झाली. सांगितलं तर शपथ मोडली असं होतं. दुसरी, ‘पोराबाळांकडं बघा’ म्हणणं. ताई, त्यांनी पोरांकडं बघूनच पिशवी भरलीय. आपण नसलो तर यांचं बरं चालेल, असा उलटा हिशेब नैराश्याच्या आजारात माणसाच्या डोक्यात बसतो. तेव्हा ‘बघा’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही मला हवे आहात’ हे म्हणा. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मोठ्यानं म्हणायची वेळ आली नसेल. लाजू नका.

कुठं विचारायचं, हेही सांगते, कारण अर्धी गोष्ट तिथंच अडते.

मी साताऱ्यात चोवीस वर्षं समुपदेशनाचं काम केलं. सुरुवातीच्या वर्षांत कोरेगाव तालुक्यातला एक ट्रकचालक बायकोबरोबर यायचा. तक्रार पोटाची. दोनदा दुर्बिणीतून तपासणी झालेली, काही सापडलं नव्हतं, म्हणून आमच्याकडं धाडलेला. समोर खुर्ची, मधे टेबल. तीन भेटी झाल्या, तो ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ याखेरीज बोलला नाही. चौथ्या खेपेला जाताना त्याची मोटरसायकल चालू होईना. मी जिन्यात उभी होते, खाली उतरले. त्यानं प्लग काढला, फडक्यानं पुसला, फुंकला, परत पुसला. मान खाली घालून, त्या प्लगकडं बघत, त्यानं खंबाटकी घाटातल्या अपघाताचं सांगायला सुरुवात केली. क्लीनर पोरगा गेला होता, एकोणीस वर्षांचा. तो पोरगा त्या रात्री पुढं बसायला नको म्हणत होता आणि यानंच त्याला पुढं बसवलं होतं. चाळीस मिनिटं तो बोलला आणि प्लग केव्हाच स्वच्छ झाला होता. त्यानंतर मी पुरुष रुग्णांना कधी समोरासमोर बसवलं नाही. खिडकीशी शेजारी उभं राहून बोलायचं, हातात काहीतरी काम द्यायचं, नाहीतर आवारात एक फेरी मारायची.

तुमच्याकडं तर याहून चांगली जागा आहे. थ्री फेजची लाईट रात्रीची असते तेव्हा ते उसाला पाणी द्यायला एकटे जातात, असं तुम्ही फोनवर म्हणालात. त्या रात्री तुम्हीही जा. त्यांनी पाण्याची दारं धरावीत, तुम्ही बॅटरी धरा. अंधारात तोंड दिसत नाही, हातात खोरं असतं, पाण्याचा आवाज असतो. तिथं गडी माणूस बोलतो. मात्र प्यायलेले असतील त्या रात्री हे नको. दारूत बोलणं कधी भरकटतं आणि कधी जीवघेणं धाडस येतं. आत्महत्येच्या बऱ्याच घटनांत दारू सोबत असते ती याचसाठी.

आता म्हशींचं. मी फोनवर त्या दोघींची नावं विचारली तेव्हा तुमचा आवाज गेला. ती नावं मी इथं लिहीत नाही, ती तुमच्या घरातली आहेत. पण त्यांना विचारा. गावानं पंधरा-वीस माणसं मोजली, ते दोन म्हशी मोजतायत. ‘माणसं वाचली की, जनावरांचं काय एवढं’ असं त्यांना आजवर शंभरांनी सांगितलं असेल आणि शंभर वेळा त्यांचं तोंड बंद झालं असेल. त्यात सत्काराची शाल अंगावर पडली. ज्याला गावानं वाघ म्हटलं त्यानं रात्री भीतीनं उठून बसतो हे कुणाला सांगायचं? त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दावं भिजलं की गाठ आवळते. गळाभर पाण्यात, बुडी मारून, ओल्या दाव्याची निरगाठ कुणालाच सुटली नसती. हे त्यांना पटवून देऊ नका, निदान आत्ता नको. आधी त्यांना ती गाठ सांगू द्या: हात कुठं होते, दोरी कसली होती, ती कशी बघत होती. तुम्ही नुसतं ऐका. रात्री उठून दावं चाचपणं हे येड नाही. जिवावरच्या प्रसंगानंतर शरीर पहाऱ्यावर बसतं, आणि काही जणांचा तो पहारा संकट टळल्यावरही उठत नाही. त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताण-विकार, असं नाव आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते लागू पडतात.

तुम्ही लिहिलंय, मी बोलले म्हणून सावरले. इथं मला थोडं थांबायचंय, कारण बायका रडून मोकळ्या होतात आणि पुरुष आतल्या आत कुढतात, हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातलं खरं आणि अर्धवट वेगळं करायचं राहून जातं.

खरं काय ते आकड्यांत दिसतं. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात १,२२,७२४ पुरुष आणि ४८,१७२ बायका. सगळ्यात जास्त नोंद आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. (हे आकडे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडून घ्यावे लागतात, ही गोष्ट मला आजही बोचते.) जगभरही आत्महत्येनं जाणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीच्या आसपास आहे. पण जीव द्यायचा प्रयत्न बायका जास्त करतात, आणि आघातानंतरचा तो न उठणारा पहारा बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. म्हणजे पुरुषाला दुःख जास्त असतं म्हणून तो जातो असं म्हणता येत नाही. तो उशिरा सांगतो किंवा सांगतच नाही, सांगतो तेव्हा पित्त, छातीतली धडधड, कंबर असं सांगतो, मधे दारू आलेली असते, आणि करतो तेव्हा परतीची वाट ठेवत नाही. लहानपणी पडून गुडघा फुटला तर पोरीला जवळ घेतलं जातं आणि पोराला ‘बायकांसारखा रडतोस काय’ म्हणतात. हे आपणच म्हणतो, मीही माझ्या धाकट्या भावाला म्हटलंय. पुढं चाळीस वर्षांनी तोच पोरगा भिंतीकडं तोंड करून पडला की आपण म्हणतो, हा बोलत का नाही.

अर्धवट काय, ते तुमच्याच पत्रात आहे.

मालकांवर तुम्ही पानभर लिहिलंत. विहिरीवर एक ओळ. तीही ‘आम्हा बायकांचं काय’ म्हणून पुसून टाकलीत. ताई, मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओळीवर अडले. तुम्ही बचत गटात रडलात, माहेरी रडलात, डॉक्टरीणबाईंपुढं रडलात, पण विहिरीचं यातल्या कुणाला सांगितलंत का? मला वाटतं, नाही. रडणाऱ्या बाईला पदर मिळतो, पाठीवर हात मिळतो; तुझ्या मनात नेमकं काय आहे, हा प्रश्न तिला क्वचित मिळतो. बाई रडतेय म्हणजे बोलतेय, असं सगळे धरून चालतात.

‘तेवढ्यापुरतं असतं’ हे आपण बायकांच्या बाबतीत फार बोलतो. नवऱ्याला भिववायला करते, सासूला धडा शिकवायला करते, नाटक करते. रुग्णालयाच्या वॉर्डात हे मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय, आणि एकदा, पांढरा कोट घातलेल्या माणसाच्या तोंडूनही. ज्या बाईबद्दल तो हे म्हणाला ती मध्यरात्रीपर्यंत शुद्धीवर होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला मरायचं नव्हतं. सकाळी ती नव्हती. जगात २०१६ साली आत्महत्येनं गेलेल्या दर शंभर बायकांतल्या जवळजवळ ३७ भारतातल्या होत्या. जगातल्या बायकांत आपला वाटा शंभरात अठराच्या आसपास असताना. आणि आपल्या देशात आत्महत्येनं जाणाऱ्या बायकांत निम्म्याहून जास्त गृहिणी असतात. दुसऱ्या देशांत लग्नानं बाईला आधार मिळतो असं अभ्यासक सांगतात, आपल्याकडं तो आधार आकड्यांत दिसत नाही.

शेतकरी घरात तर राग, अपमान, रडू यांच्या त्या काही मिनिटांत हाताशी जे असतं ते फार विषारी असतं. आपण त्याला ‘औषध’च म्हणतो. दुकानात मागतानाही औषध, ‘औषध घेतलं’ म्हटल्यावर अख्ख्या गावाला कळतं तेही औषध. मरायची ती लाट पुष्कळदा थोडाच वेळ टिकते, आणि तेवढ्या वेळात हाताला काही लागलं नाही तर माणूस वाचतो. म्हणून मी पहिल्यांदा कुलपाचं बोलले. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकामागून एक बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या ७० टक्क्यांनी कमी झाल्या. तामिळनाडूत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटानं गावातच सामाईक खोली करून प्रत्येक शेतकऱ्याला औषध ठेवायला कुलपाचा कप्पा दिला, त्याचाही उपयोग दिसला. चुलतदिरांचं कुलूप तसंच समजा. ते औषध लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणायचं, तेही दिरांनी. आणि ती किल्ली तुमच्याकडंही नको. का, ते तुम्हाला कळलं असेल.

कायद्याची भीती मनात असेल तर ती काढून टाका. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं, जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा होता, त्यामुळं घरचे लोक डॉक्टरला खोटं सांगायचे आणि त्यात वेळ जायचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम ठेवलेलंच नाही. कधी कुणाच्या घरात प्रसंग आलाच तर एक मिनिटही लपवाछपवीत घालवू नका. काय पोटात गेलं ते खरं सांगा आणि बाटली बरोबर न्या.

‘मला काय येड लागलंय व्हय’ याला उत्तर देत बसू नका. ‘तुम्हाला सहा वर्षं झोप नाही, झोपेसाठी जाऊया’ म्हणा. यात काही फसवणूक नाही. त्यांचा झोपेचा आजार खरा आहे आणि डॉक्टर तिथूनच सुरुवात करतील. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, दोन्ही तुम्हाला जवळ आहेत. मानसोपचाराची ओपीडी कुठं आहे ते केसपेपरच्या खिडकीवर विचारलं की सांगतात. साताऱ्याकडच्या वाचकांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. डॉक्टरांना पिशवीचं, म्हशीचं आणि थोरल्याला बोललेल्या वाक्याचं सांगा. ते सांगायला लाजतील, तुम्ही सांगा. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. त्या नुसत्या झोपेच्या गोळ्या नसतात, हेही लोकांना माहीत नसतं. गोळ्यांचं पाकीट तुमच्याजवळ ठेवा आणि रोजची रोज द्या. दारू एकदम तोडायला लावू नका, रोज पिणाऱ्याला त्यानं झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगून करायचं. जोडीला समुपदेशन लागेल, त्या रात्रीची गोष्ट सुरक्षित जागी, थोडी थोडी करून सांगायला लावणारं. हा सगळा रस्ता एका खेपेचा नाही. आपल्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, उपचारांची गरज असलेल्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. तुमचे मालक त्यातले आहेत, आणि तुम्हीही आहात.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. त्यांच्यासाठी फोन तुम्ही लावला तरी चालतो: घरात असं-असं आहे, मी काय करू, असं विचारायचं. धाकटीच्या वहीत नको, स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर लिहून ठेवा, म्हणजे लपवून ठेवल्यासारखं वाटणार नाही आणि सासूबाईंनाही दिसेल.

नणंदेच्या मालकांना फोन करून म्हैस का आली ते सांगा. त्यांना बिचाऱ्यांना वाटत असेल, मेहुण्यानं मायेनं दिली. म्हैस सध्या तिथंच राहू दे, पण त्यांनी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी यावं, सहा ते आठ, म्हणजे गुत्त्याकडं जायच्या वेळी. येऊन उपदेश करायचा नाही. बैलगाडीचं चाक, पंपाचा वायसर, काहीही दुरुस्तीला काढून दोघांनी शेजारी बसायचं. थोरल्याला खरं सांगा. वडिलांचं ते वाक्य मनात घेऊन तो सांगलीला कॉटवर एकटा पडत असेल, आणि तोही आता गडी माणूस होत चाललाय. त्याला विचारा, बाबांच्या बोलण्यानं तुला काय वाटलं. आणि रडू आलं तर रडू दे म्हणावं.

सासूबाईंशी मी बोलेन, तुम्ही फोन जोडून द्या. त्यांनी एक पोरगा सत्तेचाळीस वर्षं सांभाळलाय, त्यांना बाजूला सारून हे होणार नाही. मला वाटतं, त्यांनाही दिसतंय. ‘वास्तू तथास्तु म्हणते’ असं ज्या बाईच्या तोंडून निघतं तिच्या मनात तो शब्द आधी येऊन गेलेला असतो.

पाणी द्यायची पाळी गुरुवारी आहे म्हणालात. तर गुरुवारी रात्री विचारा आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या एसटीनं निघा. ते नाही आले तर तुम्ही एकट्या जा, निम्मं काम त्यानंही होतं. पण आले, तर खिडकीवर केसपेपर काढताना दोन काढा. एक त्यांच्या नावाचा, एक तुमच्या. आत गेल्यावर डॉक्टर विचारतील, तुम्हाला काय होतंय. तेव्हा त्या विहिरीपासून सांगा.